डेटाबेसमधली तारीख-वेळ आणि राउंडिंग : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन कोणी आलं की दोन-तीन महिन्यांत यातला एखादा प्रश्न घेऊन येतंच, आणि दर वेळी तेच तेच चॅटवर टाइप करून बोटं दुखायला लागली, म्हणून एकदाचं इथे लिहून टाकतोय. माझे केस जास्त करून एसक्यूएल सर्व्हरवर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) पांढरे झालेत त्यामुळे त्याच्याबद्दल जरा जास्त बोललोय, पण मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ओरॅकल वाल्यांनी लगेच पळून जाऊ नका, तुमच्याकडेही गंमत आहेच.

प्रश्न : मी ३१ मार्च रात्री ११:५९:५९.९९९ अशी वेळ टाकली आणि टेबलमध्ये १ एप्रिल दिसतंय. डेटाबेस बिघडलाय का?

नाही हो. कॉलमचा टाइप बघा, डेटटाइम असणार. एसक्यूएल सर्व्हरचा हा जुना डेटटाइम मिलिसेकंद ठेवतच नाही, तो सेकंदाचे तीनशे भाग करतो आणि मध्यरात्रीपासून असे किती भाग झाले ते मोजतो. एकूण ८ बाइट, त्यातल्या ४ बाइटमध्ये १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस आणि उरलेल्या ४ मध्ये हे भाग. एक भाग म्हणजे ३.३३ मिलिसेकंद, म्हणून दाखवताना शेवटचा आकडा कायम ०, ३ नाहीतर ७ असतो, बाकी काही येऊच शकत नाही. विश्वास नसेल तर कुठल्याही जुन्या टेबलवर क्वेरी मारून बघा, शेवटी ५ सापडला तर मला कळवा.

आता तुम्ही ९९९ दिलेत. जवळची घरं दोन, ९९७ आणि पुढच्या सेकंदाचं ०००. ९९९ ला ००० जवळ पडतं, म्हणून तो पुढे गेला, आणि पुढचा सेकंद म्हणजे पुढचा मिनिट म्हणजे पुढचा तास म्हणजे पुढचा दिवस, आणि तुमच्या केसमध्ये तर पुढचं आर्थिक वर्ष. ९९५ ते ९९८ काहीही दिलंत तर ९९७ होतं, ९९२ ते ९९४ चं ९९३, आणि ९९० किंवा ९९१ चं ९९०.

विचित्र वाटतं, पण आपल्याकडेही पंचांगात दिवसाचे ६० घटी, घटीचे ६० पळं आणि पळाचे ६० विपळं असतातच की. एक विपळ म्हणजे ०.४ सेकंद. आजीच्या हाताने लिहिलेल्या पत्रिकेतली घटी-पळं घड्याळाच्या मिनिटात बसवताना जी ओढाताण होते तीच इथे होते, एका मापातलं दुसऱ्या मापात ओतलं की थोडं सांडतंच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतो, तिथे वर्षअखेरीच्या व्याजाच्या नोंदी "दिवसाच्या शेवटच्या क्षणाला" पडाव्यात म्हणून मी स्वतः, कोणी सांगितलं नसताना, ९९९ लावून दिले. सगळं व्याज पुढच्या वर्षात गेलं. ताळेबंद जुळेना, अकाउंटंट बाई तीन दिवस कॅल्क्युलेटर घेऊन बसल्या आणि मी तीन दिवस बेरजेच्या क्वेरीत चूक शोधत होतो. चूक बेरजेत नव्हतीच.

प्रश्न : मग ९९९ ऐवजी ९९७ लिहितो, झालं?

हा सगळ्यात वाईट उपाय, आणि सगळ्यात जास्त कोडमध्ये हाच सापडतो. आज कॉलम डेटटाइम आहे म्हणून चालेल, उद्या कोणीतरी तो डेटटाइम२ (त्याचा नवा, जास्त बारीक वेळ ठेवणारा भाऊ) करेल आणि मग ९९७ नंतरच्या तीन मिलिसेकंदांत आलेल्या नोंदी कुठल्याच दिवसात मोजल्या जाणार नाहीत. त्या हरवतील आणि एरर पण येणार नाही, कारण क्वेरी व्याकरणाने बरोबरच असते.

मुळात "दिवसाचा शेवटचा क्षण" हा प्रश्नच चुकीचा आहे. शेवटचा क्षण कुठला हे टाइपवर अवलंबून असतं, पहिला क्षण मात्र सगळीकडे एकच, ००:००:००. म्हणून मार्च महिना हवा असेल तर "१ मार्च किंवा नंतर, आणि १ एप्रिलच्या आधी" असं लिहायचं. पहिल्या बाजूला "मोठं किंवा बरोबर" ही खूण, दुसऱ्या बाजूला नुसतं "लहान". यात मिलिसेकंद, मायक्रोसेकंद कशाचा संबंधच येत नाही, फेब्रुवारीत २८ दिवस की २९ हा हिशोबही करावा लागत नाही.

बिट्वीन ("इथपासून इथपर्यंत" सांगणारा एसक्यूएलचा शब्द) वापरायची सवय असेल तर तारीख-वेळेसाठी ती मोडा. बिट्वीन दोन्ही टोकं आत घेतं, म्हणजे १ मार्च ते १ एप्रिल असं लिहिलंत तर १ एप्रिलच्या बरोबर मध्यरात्रीची नोंदही आत येते, आणि ज्या टेबलमध्ये वेळ न टाकता नुसती तारीख टाकलेली असते तिथे अख्ख्या १ एप्रिलच्या नोंदी मध्यरात्रीच्याच असतात. म्हणजे त्या दोन्ही महिन्यांत मोजल्या जातात. नुसत्या डेट टाइपच्या कॉलमवर, जिथे वेळ नाहीच, तिथे बिट्वीन खुशाल वापरा.

प्रश्न : कॉलमवरच डेट फंक्शन लावून तुलना केली तर? सोपं पडतं.

सोपं पडतं पण मायएसक्यूएलमध्ये इंडेक्स (रो पटकन शोधायची सूची) वाया जातो, कारण प्रत्येक रोवर फंक्शन चालवून बघावं लागतं. एसक्यूएल सर्व्हर इथे जरा हुशार आहे, कास्ट करून (म्हणजे टाइप बदलून) डेट केलं तरी तो इंडेक्स वापरू शकतो. पोस्टग्रेसमध्ये त्या एक्स्प्रेशनवर वेगळा इंडेक्स बांधता येतो, पण कॉलम टाइमझोनवाला असेल तर तसा सरळ बांधूच देत नाही, कारण तारीख कुठली हे सेशनच्या टाइमझोनवर ठरतं. वरची "पासून, च्या आधी" पद्धत सगळीकडे चालते, तीच वापरा.

प्रश्न : डेटटाइममध्ये शिवराज्याभिषेकाची तारीख टाकायची होती, एरर येते. का?

६ जून १६७४ ना? येणारच. डेटटाइम १ जानेवारी १७५३ च्या मागे जात नाही. कारण मजेशीर आहे, ब्रिटनने सप्टेंबर १७५२ मध्ये ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियन घेतलं आणि त्यात ११ दिवस उडाले, २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर. त्या भानगडीत पडायलाच नको म्हणून पुढच्या वर्षापासून सुरुवात.

डेटटाइम२ किंवा डेट घेतलंत तर वर्ष १ पासून ९९९९ पर्यंत काहीही चालतं. पण थांबा, अजून एक खाच आहे. ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन कॅलेंडरची, आणि डेटाबेस मात्र ग्रेगोरियनच मागे मागे ओढत नेतो. त्यामुळे त्या तारखेचा वार विचारलात तर डेटाबेस बुधवार सांगेल आणि खरा वार होता शनिवार. ग्रेगोरियनमध्ये तो दिवस १६ जून येतो. इतिहासाचा डेटा असेल तर कुठल्या कॅलेंडरची तारीख आहे त्याचा वेगळा कॉलम ठेवा, नाहीतर वाद होतील आणि ते आपल्याकडे लवकर मिटत नाहीत. आणि हाच डेटा पायथनच्या पांडाज लायब्ररीमध्ये घेणार असाल तर त्याचा नॅनोसेकंदवाला टाइमस्टॅम्प १६७७ च्या मागे जात नाही, म्हणजे राज्याभिषेक तीन वर्षांनी हुकला.

प्रश्न : डेटटाइम२ मध्ये कंसात ० ते ७ काय लिहायचं?

सेकंदानंतर किती आकडे ठेवायचे ते. काहीच नाही लिहिलंत तर ७, म्हणजे १०० नॅनोसेकंदांपर्यंत. हा टाइप २००८ च्या व्हर्जनपासून आहे. ० ते २ ला ६ बाइट, ३ आणि ४ ला ७ बाइट, ५ ते ७ ला ८ बाइट. म्हणजे गंमत बघा, डेटटाइम२ मध्ये ३ लिहिलंत तर जुन्या डेटटाइमपेक्षा एक बाइट कमी लागतो आणि मिलिसेकंद खरेखुरे मिळतात, ०-३-७ ची भानगड नाही. बहुतेक बिझनेस अ‍ॅपला ३ पुरतं. सगळीकडे ७ लावायची फॅशन आहे, पण फॉर्म भरणाऱ्या माणसाच्या क्लिकची वेळ १०० नॅनोसेकंदांपर्यंत ठेवून करायचंय काय?

एवढं मात्र लक्षात ठेवा की डेटटाइम२ सुद्धा राउंडच करतो, कापत नाही. कंसात ० असेल आणि रात्री ११:५९:५९.५ आलं तर दिवस बदलणार. पहिल्याच प्रश्नाचा जुळा भाऊ.

प्रश्न : स्मॉलडेटटाइम वापरू का, जागा वाचते.

वाचते, ४ बाइट लागतात, पण मिनिटाच्या खाली काही राहत नाही. २९.९९८ सेकंदांपर्यंत मागच्या मिनिटाला, २९.९९९ पासून पुढच्या मिनिटाला. शिवाय ६ जून २०७९ ला संपतो, कारण दिवसांसाठी दोनच बाइट आहेत, ६५,५३५ दिवस झाले की खेळ खलास. नवीन टेबलमध्ये नको.

प्रश्न : मायएसक्यूएलमध्ये मिलिसेकंद सेव्हच होत नाहीत.

कारण तुम्ही कंसात काही लिहिलं नाही. इथे उलटं आहे, काही नाही लिहिलं की ०. डेटटाइम कंसात ३ किंवा ६ असं स्पष्ट लिहावं लागतं, आणि डिफॉल्टला नाऊ लावलं असेल तर त्यालाही तोच आकडा द्यावा लागतो, नाहीतर टेबल बनवतानाच एरर. ५.६.४ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये तर कॉलममध्ये सेकंदाखालचं काही ठेवायची सोयच नव्हती, आलेला अपूर्णांक गुपचूप फेकला जायचा.

आणि याच बदलाने बऱ्याच लोकांना तोंडघशी पाडलं. जावामध्ये दिवसाचा शेवट म्हणून लोकलटाइम मॅक्स वापरतात, तो ११:५९:५९ आणि पुढे नऊ वेळा ९. जुना सेटअप अपूर्णांक फेकून द्यायचा त्यामुळे ११:५९:५९ च राहायचं आणि सगळे सुखात होते. मग डेटाबेस बदलला, ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा तुकडा) बदलला, अपूर्णांक आत पोचायला लागला, मायएसक्यूएलने तो राउंड केला आणि कूपनची मुदत, सबस्क्रिप्शनची शेवटची तारीख, सगळं एक दिवस पुढे. कोडची एक ओळ बदललेली नाही आणि रिझल्ट बदलला, अशा वेळी माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो.

मायएसक्यूएल ८ मध्ये राउंड न करता कापायचा एक एसक्यूएल मोड आहे, टाइम ट्रंकेट फ्रॅक्शनल नावाचा. मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेला डेटाबेस) मात्र आपणहून कापतो आणि राउंड हवं असेल तर त्याला वेगळा मोड लावावा लागतो. म्हणजे दोघं सख्खे भाऊ, एक वर ढकलतो एक खाली ओढतो. एकातून दुसऱ्यात डेटा हलवताना हे आठवलं तर दोन रात्री वाचतील.

जाता जाता, मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प टाइप १९ जानेवारी २०३८ ला संपतो, आपल्याकडे तेव्हा सकाळचे ८:४४:०७ झालेले असतील. लांब वाटतं, पण वीस वर्षांच्या होमलोनचा शेवटचा हप्ता त्याच्या पलीकडे कधीच गेलाय. अशा तारखांना डेटटाइम घ्या.

प्रश्न : पोस्टग्रेसमध्ये हे प्रॉब्लेम नाहीत ना?

कमी आहेत. मुळातच मायक्रोसेकंद ठेवतो, ८ बाइट, काही नाही लिहिलं तरी सहा आकडे मिळतात. पूर्वी याचीही वेळ फ्लोटिंग पॉइंटमध्ये ठेवायची सोय होती, त्यामुळे २००० सालापासून जितकं लांब जाल तितकी अचूकता घसरायची, पण ८.४ पासून पूर्णांक हे डिफॉल्ट झालं आणि १० मध्ये ती जुनी सोय काढूनच टाकली.

तरी दोन ठिकाणी लोक पडतात. पहिलं, सेकंदाचे अपूर्णांक दिसायला नको म्हणून कॉलमलाच टाइमस्टॅम्प कंसात ० करतात. हे पण राउंड होतं, त्यामुळे निम्म्या वेळा आत्ताची नोंद अर्ध्या सेकंदापर्यंत भविष्यातली होते, आणि मग "आत्तापर्यंतच्या नोंदी द्या" म्हटलं की आत्ताच टाकलेली नोंद दिसत नाही, रिफ्रेश केलं की दिसते. असा बग टेस्टर लिहितो "कधी कधी येतो" आणि डेव्हलपर म्हणतो "माझ्याकडे येत नाही", दोघंही खरं बोलत असतात. दिसायला नको तर दाखवताना डेटट्रंकने कापा, साठवताना नको. दुसरं, नऊ वेळा ९ वाला प्रकार इथेही दिवस बदलतोच, कारण सहाच्या पुढचे आकडे राउंड होतात.

आणि हो, नाऊ हे पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के होणाऱ्या बदलांचा गठ्ठा) सुरू झाल्याची वेळ देतं, आत्ताची नाही. दहा मिनिटांच्या ट्रान्झॅक्शनमध्ये हजार रो टाकलेत तर हजारांची वेळ सहा आकड्यांपर्यंत तंतोतंत सारखी येईल. त्यात चूक काही नाही, ते मुद्दाम तसंच आहे. खरी घड्याळाची वेळ हवी असेल तर क्लॉक टाइमस्टॅम्प वापरा.

प्रश्न : ओरॅकलमध्ये राउंड केलं तर दुपारनंतर उद्याची तारीख येते.

कारण राउंडला तुम्ही दिवसावर राउंड करायला सांगितलंत आणि दिवसाचा मध्य दुपारी १२ ला येतो. सकाळी टेस्ट केली तर बरोबर, जेवून आल्यावर चूक. महिन्यावर राउंड केलं तर १६ तारखेपासून पुढचा महिना, वर्षावर केलं तर १ जुलैपासून पुढचं वर्ष. तुम्हाला ट्रंक हवं होतं, तो नुसता कापतो. ओरॅकलच्या डेट टाइपमध्ये नावात डेट असलं तरी तास-मिनिटं-सेकंद असतात हे विसरू नका, नुसतं "आजची तारीख बरोबर" असं लिहिलं की एकही रो येत नाही त्याचं कारण ते. अपूर्णांक सेकंद हवे तर टाइमस्टॅम्प, आपणहून ६ आकडे आणि जास्तीत जास्त ९.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हाच दुपारचा बग वेगळ्या वेशात येतो. डेटटाइमला इंटमध्ये कास्ट करून तारीख काढायची जुनी ट्रिक कोणी वापरली असेल तर ते राउंड होतं, दुपारी बारानंतर एक दिवस वाढतो. डेटमध्ये कास्ट करा, २०२२ च्या व्हर्जनमध्ये असाल तर डेटट्रंक पण आहे.

प्रश्न : एसक्यूलाइट? मोंगो?

एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा टाइपच नाही, टेक्स्ट, रिअल किंवा इंटिजर यातलं तुम्ही ठरवाल ते. टेक्स्ट ठेवलंत तर सगळीकडे सारखेच आकडे ठेवा, काही रोत मिलिसेकंद आणि काहीत नाही असं केलंत की तुलना अक्षरांची होते, वेळेची नाही. मोंगो १९७० पासूनचे मिलिसेकंद ठेवतो, त्याखालचं काही मिळणार नाही.

प्रश्न : सेव्ह केलं, लगेच परत वाचलं, तर दोन वेळा सारख्या नाहीत. टेस्ट फेल होतेय, तीही फक्त सर्व्हरवर.

हा माझा आवडता. वेळेची साखळी असते, प्रोग्रॅम, ड्रायव्हर, डेटाबेस, परत ड्रायव्हर, मग ब्राउझर, आणि प्रत्येक कडीची प्रिसिजन (किती बारीक वेळ धरते ते) वेगळी. जावाची आत्ताची वेळ ८ मध्ये मिलिसेकंदात यायची, ९ पासून मायक्रोत यायला लागली, आणि १५ पासून लिनक्सवर नॅनोत. पोस्टग्रेस मायक्रोपर्यंतच ठेवतो. त्यामुळे तुमच्या मॅकवर टेस्ट पास, सर्व्हर लिनक्स म्हणून तिथे फेल. तुमच्या लॉजिकमध्ये खोट नाही, फक्त शेवटचे तीन आकडे वाटेत पडले. उपाय एकच, वेळ निर्माण होते तिथेच तिला डेटाबेसच्या मापात कापा, मग पुढे कोणी काही कापायला उरतच नाही. डॉटनेटचा टिक १०० नॅनोसेकंदांचा, तो डेटटाइम२ च्या ७ शी बरोबर जुळतो, पायथनचं मायक्रो पोस्टग्रेसशी जुळतं, ते लोक त्यातल्या त्यात सुखी.

सगळ्यात जास्त त्रास जावास्क्रिप्टचा, कारण त्याची डेट मिलिसेकंदाच्या खाली जातच नाही. समजा पोस्टग्रेसमध्ये नोंद आहे १२.३४५६७८ सेकंदांची, नोडमध्ये (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) आली तेव्हा झाली १२.३४५, आणि "पुढचं पान" साठी तुम्ही हीच वेळ परत पाठवलीत. "यापेक्षा नवीन" मागितलं तर तीच नोंद पुन्हा येते. "यापेक्षा जुनी" मागितलं तर त्या एका मिलिसेकंदात असलेल्या उरलेल्या नोंदी गायब. "बरोबर हीच" मागितलं तर काहीच नाही, म्हणून वेळेवर चालणारं लॉकिंग (नोंद मध्येच कोणी बदलली का ते बघणं) "दुसऱ्याने बदल केलाय" असं सांगत बसतं, बदल कोणीच केलेला नसतो. एकतर वेळ स्ट्रिंग म्हणून न्या-आणा, नाहीतर कॉलमच ३ आकड्यांचा करा. आणि पानं पाडताना नुसत्या वेळेवर भरवसा ठेवू नका, सोबत आयडी घ्या. दोन नोंदी एकाच क्षणाला पडू शकतात, आकडे कितीही वाढवा.

नॅनोसेकंद पूर्णांकात पाठवायची कल्पना सुचली असेल तर जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर २ चा ५३ वा घात, म्हणजे साधारण ९ वर १५ शून्यं, इथपर्यंतच पूर्णांक नीट धरतो. १९७० पासूनचे नॅनोसेकंद आज त्याच्या कितीतरी पलीकडे आहेत. मायक्रो बसतात.

प्रश्न : तासाप्रमाणे रिपोर्ट काढला, ऑफिसची ९ ते १० ची गर्दी दोन तासांत विभागून दिसतेय.

डेटा यूटीसीत (जागतिक प्रमाण वेळेत) ठेवलाय आणि तासाला कापताना यूटीसीतच कापलाय, बरोबर ना? हा त्रास आपल्यासारख्यांनाच. लंडन-न्यूयॉर्कवाल्यांचा टाइमझोन पूर्ण तासांत सरकतो, तिथे यूटीसीत तास कापला तरी तासाच्या सीमा जुळतात, नुसतं लेबल बदलायचं. आपण ५:३० पुढे. यूटीसीचा ३ ते ४ म्हणजे आपला साडेआठ ते साडेनऊ. तुमची ९ ते १० ची गर्दी बरोबर अर्धी या डब्यात, अर्धी पुढच्या डब्यात. नेपाळवाले तर ५:४५, त्यांचं आणखी वाकडं.

दिवसाला कापलंत तर अजून वाईट, यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. रात्री बारा ते साडेपाचचं सगळं आदल्या दिवशी मोजलं जातं. दुधाची पहाटेची कलेक्शनं, भाजी मार्केटच्या पहाटेच्या पावत्या, असला डेटा असेल तर निम्मा धंदाच आदल्या तारखेला.

क्रम महत्त्वाचा आहे, आधी आयएसटीत (भारतीय वेळेत) आणा मग कापा. पोस्टग्रेस १२ पासून डेटट्रंकला तिसरं आर्ग्युमेंट म्हणून टाइमझोनचं नाव देता येतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून अ‍ॅट टाइम झोन आहे. मायएसक्यूएलमध्ये कन्व्हर्ट टीझेड, पण त्यात झोनचं नाव दिलंत आणि सर्व्हरवर टाइमझोनची टेबलं भरलेली नसली तर तो चक्क नल (म्हणजे रिकामं) देतो, एरर नाही. तिथे सरळ प्लस ०५:३० द्या, आपल्याकडे उन्हाळी वेळेची भानगड नसल्यामुळे आजच्या डेटाला ते पुरतं.

प्रश्न : राउंड करायचं का कापायचं, नियम काय?

नियम डेटाबेसचा नाही, धंद्याचा. आठवतंय का, मोबाइलचं बिल पूर्वी मिनिटाच्या पल्सवर यायचं, ६१ सेकंद बोललात की दोन मिनिटांचे पैसे, हे वर ढकलणं झालं. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा आणलं तेव्हा लोकांनी जे उचलून धरलं ते खरं तर राउंडिंगचा नियम बदलला म्हणून. हजेरी, पार्किंग, ओव्हरटाइम, प्रत्येकाचा नियम वेगळा, आणि तो क्लायंटकडून लिहून घ्या, "नेहमीसारखं" असं तोंडी नको. साठवताना मात्र सुरुवात आणि शेवट जसेच्या तसे साठवा, राउंड बिलाच्या वेळी करा. आधी राउंड करून बेरीज आणि बेरीज करून मग राउंड, यात महिन्याअखेरीला बराच फरक पडतो, आणि साठवतानाच राउंड केलं असेल तर मागे जाता येत नाही.

डेटडिफवर पण भाबडा विश्वास नको. एसक्यूएल सर्व्हरचा डेटडिफ किती सीमा ओलांडल्या ते मोजतो, ३१ डिसेंबर ११:५९:५९ ते १ जानेवारी ००:००:०० यात वर्षांचा फरक विचारलात तर १ सांगतो. एका सेकंदात वर्ष! यावर कोणी वय काढलं की डिसेंबरमध्ये जन्मलेलं पोर जानेवारीत एक वर्षाचं. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्पडिफ पूर्ण झालेलीच वर्षं मोजतो, तो वयाला बरा.

प्रश्न : सात आकडे दिसतायत म्हणजे वेळ तेवढी अचूक असणार ना?

नाही. फूटपट्टीवर खुणा किती आहेत आणि ती जागेवर ठेवली आहे का, या दोन वेगळ्या गोष्टी. सर्व्हरचं घड्याळ अर्धा सेकंद मागे असेल तर सात आकडेही अर्धा सेकंद मागेच असणार, फक्त जास्त ऐटीत. विंडोजचं घड्याळ तर बरीच वर्षं साधारण १५.६ मिलिसेकंदांच्या उड्या मारत पुढे सरकायचं, मध्ये कितीही वेळा विचारा तीच वेळ. म्हणून दोन सर्व्हरवरच्या नोंदींत आधी कोण नंतर कोण हे टाइमस्टॅम्पवरून ठरवू नका, त्यासाठी सीक्वेन्स किंवा व्हर्जन नंबर ठेवा.

प्रश्न : लीप सेकंदाचं (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला घालतात तो जादा सेकंद) काय?

शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला आला, आपल्याकडे तेव्हा १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, ०५:२९:६०. पोस्टग्रेसला ६० सेकंद दिलेत तर तो पुढच्या मिनिटाचा शून्य करतो. २०३५ पर्यंत लीप सेकंद बंद करायचं २०२२ मध्येच ठरलंय, त्यामुळे झोप उडवून घेऊ नका.

प्रश्न : जुन्या टेबलमधला डेटटाइम बदलून डेटटाइम२ करायचाय. काय बघू?

आधी सगळ्या कोडमध्ये ९९७ शोधा. गंमत नाही, खरंच शोधा, स्टोअर्ड प्रोसीजर, रिपोर्ट, एक्सेलला जोडलेल्या क्वेरी, सगळीकडे.

मग "तारीख अधिक १" असं कुठे लिहिलंय ते बघा. डेटटाइममध्ये ते चालतं, डेटटाइम२ मध्ये एरर येते, तिथे डेटअ‍ॅड लावावं लागेल. निदान एरर येते हे चांगलं, लगेच कळतं.

डिफॉल्टला गेटडेट असेल तर कॉलम बदलूनही काही फायदा नाही, कारण गेटडेट स्वतःच डेटटाइम देतो, परत ०-३-७. सिसडेटटाइम करा.

आणि सगळ्यात चोरटी गोष्ट. २०१६ च्या व्हर्जनपासून, कंपॅटिबिलिटी लेव्हल (डेटाबेसने कुठल्या व्हर्जनसारखं वागायचं ती सेटिंग) १३० झाली की, डेटटाइमचं डेटटाइम२ करताना तो .००३ न देता आतला खरा आकडा .००३३३३३ देतो. हिशोबाने तेच बरोबर आहे, पण एका टेबलमध्ये डेटटाइम आणि दुसऱ्यात डेटटाइम२ असेल आणि दोघं वेळेवर जॉइन होत असतील तर कालपर्यंत जुळणारे रो आज जुळत नाहीत. त्यामुळे जॉइन होणारे दोन्ही कॉलम एकाच दिवशी बदला, दोन्हीकडे ३ आकडे ठेवा, .००३ आणि .००७ जसेच्या तसे येतील. आणि हे काम मार्चमध्ये काढू नका.